बाराशेला दोन कमी

"किती?" पलीकडे फोन उचलल्याचा आवाज आला मात्र, सेक्रेटरींनी विचारलं.

"अहो, आधी खुशाली तरी विचाराल?" साडू म्हणाले.

"खुशाली मधल्या वारी विचारतो. रविवारी फक्त आकडा. किती आले?"

पलीकडे घसा खाकरला गेला. आकडा चांगला असला की साडू घसा खाकरत नाहीत, हे सेक्रेटरींना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी खुर्चीत जरा ऐसपैस बसून घेतलं.

"नऊशे चाळीस," साडू म्हणाले. "वारा फार होता आज. तुमच्याकडे?"

"वारा आमच्याकडेही होता. अकराशे बारा."

"अकराशे?"

"बारा. बारा विसरू नका, तीही माणसंच आहेत."

"अहो, ताईला विचारा गुडघा कसा आहे!" स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला. पण सेक्रेटरींनी तोवर फोन ठेवला होता. इतक्या गोड आकड्यावर गुडघ्याचा विषय काढायला त्यांचं मन होईना.

सेक्रेटरींचा धंदा चष्म्याचा. गावात चष्म्याचं दुकान एकच आणि फुटबॉल क्लबही एकच. दुकान त्यांना वडिलांकडून मिळालं होतं, आणि क्लबची सेक्रेटरीकी दुसरं कोणी घेईना म्हणून. आता इतकी वर्षं झाली की सेक्रेटरी हे त्यांचं नावच होऊन बसलं होतं. सासूबाईसुद्धा "सेक्रेटरी, पान वाढलंय" अशीच हाक मारायच्या. क्लब खेळायचा तिसऱ्या लीगमध्ये. साडू राहायचे दोन तासांवरच्या शहरात, आणि ते ज्या क्लबचे उपाध्यक्ष होते तो खेळायचा दुसऱ्या लीगमध्ये. साडूसाडूंत थोडी चुरस असायचीच, त्यात काही विशेष नाही. पण मोठ्या बहिणीचा नवरा दुसऱ्या लीगमध्ये आणि धाकटीचा तिसऱ्या, म्हणजे जखमेवर मीठ झालं. घरातल्या कुठल्याही कार्यात साडू खांद्यावर हात ठेवून विचारायचे, "काय म्हणतो तुमचा छोटा क्लब?" त्या 'छोटा' शब्दाने सेक्रेटरींचं जेवणावरचं लक्ष उडायचं.

मग गेल्या हंगामात क्लबला फिरतं फाटक मिळालं. एक पोहण्याचा तलाव बंद पडला होता, तिथलं ते फाटक. पास दाखवायचा, लोखंडी दांडा ढकलायचा, की 'कट्' असा आवाज होऊन माणूस आत आणि वरच्या डबीत आकडा एकाने पुढे. बाहेर पडायला शेजारी साधं दार होतं. त्याआधी प्रेक्षक मोजायची पद्धत अशी होती की मैदानाचा माळी खुर्चीवर उभा राहून चारी बाजूंना नजर फिरवायचा आणि "बरे आहेत" म्हणायचा. त्यामुळे पहिल्याच सामन्याला डबीवर नऊशेच्या वर आकडा दिसला तेव्हा सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं. गाव आपल्या क्लबवर इतकं प्रेम करत होतं आणि आजवर कोणी मोजलंच नव्हतं!

त्या दिवसापासून त्यांना लीगा-लीगांची तुलना करायचं वेडच लागलं. दुकानात नजर तपासायला अक्षरांचा तक्ता असतो ना, त्याच्या शेजारी त्यांनी दुसरा तक्ता लावला. वर मोठ्या अक्षरांत पहिली लीग, खाली दुसरी, आणि सगळ्यांत खाली बारीक अक्षरांत स्वतःचा क्लब.

"खालची ओळ वाचा," ते गिऱ्हाइकाला सांगायचे.

"तिसरी लीग. आपला क्लब. सरासरी अकराशे."

"शाब्बास! नजर उत्तम आहे तुमची."

आणि मग हिशेब समजावून द्यायचे. "पहिल्या लीगच्या मैदानात पन्नास हजार येतात म्हणून लोक भारावतात. पण शहर आहे पन्नास लाखांचं! म्हणजे शंभरांत एक. उरलेले नव्व्याण्णव घरी लोळतायत. आपलं गाव सहा हजारांचं. येतात अकराशे. शंभरांत अठरा! आता सांगा, मोठा क्लब कोणता?" गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर तपासणीची जड चौकट असायची आणि हनुवटी टेकूवर, त्यामुळे "तुमचाच" याशिवाय त्याला काही म्हणता यायचं नाही.

असाच एक वार्ताहर नवा चष्मा करायला आला आणि जाताना बातमी घेऊन गेला. 'प्रेक्षकसंख्येत तिसरी लीग दुसरीला भारी! सहा हजारांच्या गावाची कमाल.' सोबत सेक्रेटरींचा फोटो, एक हात फाटकावर ठेवलेला. काय सांगावं महाराजा, गावाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. न्हाव्याने बातमी आरशावर चिकटवली. शाळेत फळ्यावर लिहिली गेली. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता तेसुद्धा परगावी जाऊन "आम्ही शंभरांत अठरा" असं सांगू लागले.

आणि दैव देतं तेव्हा छप्पर फाडून देतं. त्याच महिन्यात संघाने तिसऱ्या लीगमध्ये पहिला नंबर पक्का केला. नियम असा, की तिसऱ्या लीगचा पहिला आणि दुसऱ्या लीगचा शेवटचा यांच्यात बढतीचा सामना व्हायचा, आणि तो व्हायचा खालच्या लीगवाल्यांच्या मैदानावर. जिंकला तो वर. आता दुसऱ्या लीगमध्ये यंदा शेवटचं कोण आलं असेल? नाव घ्यायला नको. सेक्रेटरींनी त्या रात्री फोन केला तेव्हा साडूंनी चक्क स्वतःहून ताईंच्या गुडघ्याची माहिती द्यायला सुरुवात केली.

"या हो आमच्या छोट्या क्लबात," सेक्रेटरी म्हणाले. "जागा राखून ठेवतो तुम्हाला. गर्दी असते जरा."

इथवर सगळं छान चाललं होतं. पण क्लबचे अध्यक्ष, म्हणजे बेकरीवाले, त्यांना चांगलं चाललेलं कधी बघवत नसे. ते पाव भाजता भाजता एके सकाळी म्हणाले, "सेक्रेटरी, लोखंड तापलंय तोवर हाणा. एवढे अकराशे लोक येतात तर नवीन स्टँड मागून घ्या. करा अर्ज!" सेक्रेटरींनी अर्ज केला. चांगला तपशीलवार केला, बातमी जोडली, आकडे जोडले, 'प्रेक्षकांच्या प्रेमाला मैदान अपुरे पडत आहे' असं एक झकास वाक्यही घातलं. अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत शेवटी सुरक्षा कार्यालयात गेला.

तिकडून उत्तर आलं. स्टँडबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मैदानाला परवानगी सहाशे माणसांची आहे आणि आपल्याच अर्जावरून आपण अकराशे भरता असे दिसते, तरी मैदान प्रेक्षकांसाठी बंद का करू नये? बंद झाल्यास नियमाप्रमाणे बढतीचा सामना प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर होईल.

सेक्रेटरी पत्र घेऊन बेकरीत गेले. अध्यक्षांनी ते वाचलं आणि पिठाचे हात कपाळाला लावले.

"हा अर्ज करायला कोणी सांगितलं होतं?"

"तुम्ही."

"मग तुम्ही ऐकलंत कशाला? आजवर कधी ऐकलंत माझं?"

सेक्रेटरींनी पत्राची घडी खिशात घातली आणि ते घरी आले. घरचं मैदान, घरची माणसं, आयुष्यातला सगळ्यांत मोठा सामना, आणि तो साडूंच्या दारात जाऊन खेळायचा! बायकोने दोनदा वाढलं, त्यांनी दोनदा ताट सरकवलं.

"एवढं काय झालंय?" ती म्हणाली.

"सहाशेची परवानगी आहे, आणि आपल्याकडे येतात अकराशे. काय करू? निम्म्या लोकांना येऊ नका म्हणून सांगू?"

"अकराशे?" बायको वाढता वाढता थांबली. "कोण म्हणतं?"

"डबी म्हणते!"

आता इथे सांगायला हवं, की मैदानाच्या आत जागा नसल्यामुळे चहाची टपरी फाटकाबाहेर होती, आणि ती सेक्रेटरींची बायकोच चालवायची. "अहो," ती शांतपणे म्हणाली, "मध्यंतराला अख्खं मैदान माझ्याकडे चहाला बाहेर येतं. परत आत जाताना दांडा ढकलूनच जातात ना? की तुमची डबी त्यांना ओळखते, आणि हा मघाचाच म्हणून सोडून देते?"

सेक्रेटरी बोटांवर मोजायला लागले.

"दर सामन्याला मी साडेचारशे कप चहा नेते आणि पाच-दहा उरतात. काही लोक चहा पीत नाहीत, धरा पन्नास. पाचशे माणसं असतात तुमची. ती दोनदा आत जातात. वर ते धडधडे."

धडधडे म्हणजे निवृत्त पोस्टमन. क्लबवर त्यांचा जीव इतका, की चेंडू आपल्या गोलकडे यायला लागला की त्यांच्या छातीत धडधडायचं आणि ते उठून बाहेर जायचे. धोका टळला की परत आत. कट्.

"पण थंडीत आपण पाच गोलांनी हरलो, तेव्हा तर बाराशेच्या वर आले होते!" सेक्रेटरी म्हणाले. "मी भाषण केलं होतं. संकटकाळी गाव पाठीशी उभं राहतं म्हणून!"

"पाठीशी कसलं? चेंडू आपल्या गोलवरून हलेना. धडधडे सारखे आत-बाहेर, आणि त्यांना धीर द्यायला चार जण त्यांच्या मागोमाग."

मग सेक्रेटरी म्हणाले, "तुला हे पहिल्यापासून माहीत होतं?"

"मला वाटलं तुम्हालाही माहीत आहे. म्हटलं, भाऊजींची जिरवायचीये, जिरवू दे. मला कोणी विचारलं का?"

माणसाची काय गत होते पाहा. आकडा खोटा निघाला ही आनंदाची बातमी होती. पाचशेच माणसं येत असतील तर मैदान बंद व्हायचं कारण नव्हतं. आणि तरीही सेक्रेटरींना कोणीतरी सहाशे माणसं हिसकावून नेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तक्त्यापुढे उभं राहून त्यांनी ठरवलं, की खरं सांगायचं, पण हळू आवाजात आणि फक्त सुरक्षा कार्यालयात. गावाला नाही, अध्यक्षांना नाही, आणि साडूंना तर मेल्यावरही नाही.

सुरक्षा कार्यालयातल्या अधिकारीबाईंनी चष्म्यावरून पाहत सगळं ऐकून घेतलं. चहा, दांडा, धडधडे, सगळं. चष्म्याची डावी दांडी ढिली होती. सेक्रेटरींचे हात शिवशिवत होते, पण त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले.

"मी इथे बसल्यापासून सगळे हेच सांगायला येतात," बाई म्हणाल्या. "नाटकवाले येतात, जत्थेच्या जत्थे भरतात आणि म्हणतात, मॅडम, आमच्याकडे काळं कुत्रं फिरकत नाही. पण एक आहे. ते असं सांगताना खूश असतात. तुम्ही रडवेले झालाय. स्वतःच्या क्लबचा आकडा कमी करायला कोणी सेक्रेटरी खोटं बोलेल असं मला वाटत नाही."

"बोलणं जिवावर आलंय मॅडम."

"दिसतंय. रविवारी तुमचा लीगचा शेवटचा सामना आहे ना? मी येते. डबी माझ्यादेखत उघडा. माणूस दोनदा मोजला जातो म्हणताय, तर आकड्याचं निम्मं करू. निम्मं सहाशेच्या आत असलं की मैदान तुमचं."

सेक्रेटरी तरंगत घरी आले. वाटेत बेकरी लागली. अध्यक्षांनी हटकलं, "काय झालं?" आता इथे जर त्यांनी खरं सांगितलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण खरं सांगायचं म्हणजे अकराशेचे पाचशे झाले हे सांगायचं. सेक्रेटरींची जीभ वळेना.

"काही नाही," ते म्हणाले. "रविवारी मॅडम मोजायला येतायत."

"मोजायला? आपल्याला?"

"हो. पण तुम्ही कोणाला बोलू नका."

बेकरीवाल्याला ही अशी गोष्ट सांगायची आणि वर 'बोलू नका' म्हणायचं! दुसऱ्या दिवशी प्रत्येक पावाबरोबर बातमी घरोघर गेली. 'रविवारी सरकारी मोजणी आहे. पेपरात छापून आलंय ते खरं की खोटं, बघायला येतायत. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. घरात कोणी राहायचं नाही!'

रविवारी दुपारी सेक्रेटरी फाटकाशी उभे राहिले आणि त्यांचं धाबं दणाणलं. रस्ता दिसत नव्हता. टोकापर्यंत नुसती डोकी. नटूनथटून आलेली डोकी. संगीतशिक्षिका आपला सगळा वर्ग घेऊन आल्या होत्या. दाताच्या डॉक्टरांनी एका पेशंटला तोंडात कापूस असतानाच सोबत आणलं होतं. न्हाव्याकडून निम्मी दाढी झालेला एक गृहस्थ आला. एक आजोबा हातात जाडजूड पुस्तक घेऊन आले, म्हणाले, "मला खेळातलं काही कळत नाही, मी आपला वाचत बसेन. पण मला मोजा."

"अहो, आज कशाला आलात?" सेक्रेटरी रडकुंडीला येऊन सांगत होते. "आजच्या मॅचला काही अर्थ नाही! पहिला नंबर कधीच पक्का झालाय! घरी जा, आराम करा!"

"मॅचला कोण आलंय, सेक्रेटरी?" शिंपीणबाई म्हणाल्या. "आम्ही मोजून घ्यायला आलोय." आणि कडेवरचं एक आणि हाताला धरलेलं एक अशी दोन्ही मुलं वेगवेगळी दांड्यातून ढकलली. कट्. कट्.

"अहो, आत जागा नाहीये!"

"जागा करू की! आपलाच क्लब आहे." कट्.

सेक्रेटरींनी फाटकात आडवं उभं राहून पाहिलं. लोकांना वाटलं, सेक्रेटरी स्वागताला उभे आहेत. त्यांनी हात मिळवले, पाठ थोपटली आणि त्यांना बाजूला सरकवून आत गेले. साडू आणि ताईही आले होते, बढतीच्या सामन्याआधी प्रतिस्पर्धी पाहून ठेवायला. साडूंनी गर्दीकडे पाहिलं, मग सेक्रेटरींकडे पाहिलं आणि दांडा ढकलला. कट्. आणि खरं सांगायचं तर, इतक्या मोठ्या संकटात असूनही त्या एका 'कट्'ने सेक्रेटरींना आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या.

सामना कसा झाला ते कोणालाच नीट सांगता आलं नाही, कारण पुढच्याच्या डोक्याखेरीज कोणाला काही दिसलं नाही. माणसं बाकांवर होती, बाकांमध्ये होती, भिंतीवर होती. मागचा कठडा करकरत वाकला तेव्हा लोहार आणि त्याच्या तीन भावांनी त्याला पाठी लावल्या आणि शेवटपर्यंत तसेच उभे राहिले. मध्यंतर झालं, पण जागचं कोणी हललं नाही. हलणार कुठे? पाय उचलला तर खाली ठेवायला जागा नव्हती. धडधडे तर बरोबर मधोमध अडकले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत आपल्यावर एक गोल झाला. त्यांनी छातीवर हात ठेवला, थोडी वाट पाहिली आणि शेजारच्याला म्हणाले, "एवढं काही वाईट नसतं हो. मी उगाच बाहेर जात होतो."

सामना संपला, लोक पांगले, तरी अधिकारीबाईंचा पत्ता नव्हता. अर्ध्या तासाने त्या धापा टाकत आल्या. हातात पादत्राणं, केसांत धूळ.

"काय तुमच्या गावचा रस्ता!" त्या म्हणाल्या. "सगळीकडे गाड्याच गाड्या लावलेल्या. माझी गाडी तिकडे पुलाशीच अडकली. शेवटी चालत आले. काही समारंभ होता का आज?"

"तसंच काहीसं," सेक्रेटरी म्हणाले.

डबी उघडली. भोवती अध्यक्ष होते, प्रशिक्षक होते, आणि ताईंना घेऊन निघता निघता साडूही थांबले होते. बाईंनी आकडा वाचला. "अकराशे अठ्ठ्याण्णव. निम्मे पाचशे नव्व्याण्णव." त्या थकलेल्या होत्या, पण हसल्या. "एकाने वाचलात, सेक्रेटरी. मैदान तुमचं. करा सही."

"निम्मे का बरं?" साडूंनी विचारलं.

"यांचं फाटक प्रत्येकाला दोनदा मोजतं. मध्यंतराला सगळे चहाला बाहेर जातात आणि परत येतात. सेक्रेटरींनी स्वतः येऊन सांगितलं. प्रामाणिक माणूस आहे."

साडूंचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "दोनदा? म्हणजे वर्षभर... म्हणजे ते अकराशे बारा..." अध्यक्षांनी सेक्रेटरींकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनी बेकरीच्या पिठात वाळू कालवली होती. पण मैदान वाचतंय हे ध्यानात आल्यावर ते त्यांच्या कानाशी लागले, "असू दे, असू दे. सही करा आणि मोकळे व्हा."

सेक्रेटरींनी पेन हातात घेतलं. तेवढ्यात टपरीकडून त्यांची बायको तणतणत आली. "अहो, बघताय का? भांडीच्या भांडी भरून चहा पडलाय! एक कप गेला नाही आज. एक माणूस बाहेर आला नाही मध्यंतराला! आता या चहाने काय अंघोळ करू?"

सेक्रेटरींचं पेन थांबलं.

एक माणूस बाहेर आला नाही. म्हणजे कोणी दोनदा आत गेलं नाही. त्यांनी डबीकडे पाहिलं. मग रिकाम्या मैदानाकडे पाहिलं. वाकलेला कठडा, बाकाखाली पडलेला कोणाचा तरी हातमोजा, भिंतीवर चढणाऱ्यांच्या बुटांचे ठसे. शिंपीणबाईंची दोन मुलं, पुस्तकवाले आजोबा, तोंडात कापूस धरून बसलेला तो पेशंट. सगळे एकेकदाच आले होते. आयुष्यात पहिल्यांदा डबीने खरा आकडा दाखवला होता, आणि तो निम्मा करण्याच्या कागदावर त्यांनीच सही करायची होती.

"करताय ना?" बाईंनी विचारलं.

"नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"अहो!" अध्यक्ष ओरडले.

"मॅडम, वर्षभराचे आकडे निम्मे करा. खुशाल करा. पेपरात छापा, साडूभाऊंना चौकटीत लावून द्या. ते खोटेच होते. पण आजचा आकडा निम्मा करायचा नाही. आज अकराशे अठ्ठ्याण्णव माणसं आली. बाराशेला दोन कमी. एकही दोनदा मोजलेला नाही. आणि माझ्या या मैदानाला ती झेपली नाहीत. तो कठडा बघा, चार माणसांनी पाठीवर तोलून धरला म्हणून आज कोणाचं काही मोडलं नाही. पाचशे नव्व्याण्णववर सही करून पुढच्या रविवारी परत हेच करू? माझी माणसं आहेत ती."

बोलता बोलता त्यांचा आवाज चढला होता आणि मान अशी ताठ झाली होती, की त्यांच्या बायकोने चहाचं दुःख बाजूला ठेवून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

बाईंनी कठड्याजवळ जाऊन त्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "मग मला मैदान बंद करावं लागेल," त्या म्हणाल्या. "सामना प्रतिस्पर्ध्यांकडे होईल."

"होऊ दे."

अध्यक्ष मटकन फाटकाच्या पायरीवर बसले. प्रशिक्षक बुटाच्या नाड्या पाहू लागले. बाईंनी कागदावर नवा शेरा लिहिला, सही केली, आणि सेक्रेटरींच्या बायकोने पुढे केलेला चहा घेतला.

साडू जवळ आले. त्यांनी सवयीने खांद्यावर हात ठेवला. आता ते काहीतरी बोलणार, अशी सगळ्यांना भीती होती. पण ते जरा चाचरत म्हणाले, "सेक्रेटरी, ही सगळी माणसं... आमच्याकडेही येतील?"

"सगळी कशी येतील?" सेक्रेटरी म्हणाले. "आज आजारी माणसं घरी होती. काही परगावी गेलेली होती. ती पण येतील. तुमच्या मैदानात मावतात किती?"

"तीन हजार."

"आणि तुमचे किती येतात? वारा नसला तर?"

साडूंनी मनातल्या मनात वजाबाकी केली. ती त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्यांना स्पष्ट दिसली.

"मग साडूभाऊ, एक काम करा," सेक्रेटरी अगदी प्रेमाने म्हणाले. "तुमच्याकडे 'घरचे प्रेक्षक' आणि 'पाहुणे' अशा दोन पाट्या लावलेल्या आहेत ना? तेवढी त्यांची अदलाबदल करून ठेवा."